वाकड्या पाठीचा जिताडा

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ बेलापूरच्या खाडीत पिंजऱ्यात जिताडा वाढवतो. यंदा काढणीच्या वेळी काही माशांची पाठ शेपटीच्या बाजूने वाकलेली, तर काहींच्या कल्ल्यांचे झाकण आखूड राहून आतले लाल कल्ले उघडे पडलेले दिसले. गिऱ्हाइकांनी ‘खाडीच्या घाण पाण्याचे’ म्हणून हे मासे परत केले. दोष पाण्याचाच आहे का, आणि असे मासे खावेत का?
– एक वाचक, दिवाळे, नवी मुंबई

उत्तर : खाडीवर खापर फोडण्यापूर्वी बाक केव्हा दिसू लागला हे आठवून पाहा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, पिंजऱ्यात सोडतानाच काहींची पाठ वाकडी असेल, तर दोष हॅचरीतला, म्हणजे पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रातला आहे. जिताड्याच्या इवल्याशा पिल्लाला पहिल्या काही दिवसांत पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो; त्याशिवाय त्याचे वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी, फुगत नाही. टाकीवर खाद्यातील तेलाचा तवंग साचला की हा घोट हुकतो. मग पिल्लू बुडू नये म्हणून डोके वर करून सतत शेपटी मारत राहते आणि त्या ताणाने कोवळा कणा खोलगट वाकतो. कल्ल्यांची आखूड झाकणेही बहुधा याच वयातली असतात. एकदा वाकलेला कणा पुढे कोणत्याही औषधाने सरळ होत नाही.

बोटुकली सरळ होती आणि बाक नंतर आला असेल, तर खाद्याच्या गोणीकडे वळा. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही आणि त्याशिवाय हाडाचा सांगाडा धरून ठेवणारे कोलॅजन नीट बनत नाही. हे जीवनसत्त्व उष्णतेने व दमटपणाने लवकर नष्ट होते. त्यामुळे ताडपत्रीखाली पावसाळा काढलेली गोणी वरून चांगली दिसली, तरी आतून निकामी झालेली असू शकते. दुसरी उणीव फॉस्फरसची. कॅल्शियम मासा कल्ल्यांतून पाण्यातूनच मिळवतो, फॉस्फरस मात्र त्याला जवळजवळ सगळा खाद्यातूनच घ्यावा लागतो आणि खाद्यात घातलेल्या सोयापेंडीतला बराचसा फॉस्फरस त्याला पचत नाही. म्हणून चुना टाकून हाडे घट्ट होतील, ही समजूत सोडलेली बरी.

खाडीला मात्र पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही, कारण शिसे आणि काही कीटकनाशके यांनीही कणा वाकतो. ‘पिंजऱ्याबाहेर खाडीत फिरणारे बोय मासे तर सरळ आहेत, मग पाणी चांगलेच’ हा पुरावाही तोकडा आहे. मोकळ्या पाण्यात वाकडे पिल्लू मोठे होण्याआधीच कुणाच्या तरी तोंडी जाते.

निव्वळ वाकडेपणामुळे मासा खाण्यास अपायकारक होत नाही. ताजा असेल तर तुकड्या करून विकावा. पाण्यातील विषारी अंश हा वेगळा प्रश्न आहे आणि तो सरळ माशातही असू शकतो, त्यामुळे शंका असल्यास दोन्ही प्रकारचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत.

पुढच्या खेपेला बोटुकली घेताना शंभरेक पिल्ले पांढऱ्या टबात काढून आधी वरून आणि मग काचेच्या बरणीत बाजूने पाहावीत, कारण खोलगट बाक वरून दिसत नाही. वाकडी निघालेली मोजून तिथेच परत करावीत आणि खाद्याच्या गोणीवरील उत्पादनाची तारीखही वहीत टिपून ठेवावी.