कुशीची वाट, काखेची वाट

देवगडच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या काकांच्या पोटातल्या महाधमनीला फुगवटा आला होता, मुंबईत ऑपरेशन झालं. जांघेतून जमेना म्हणून डॉक्टर कुशीतून गेले. मराठी कागदावर 'पर्यायी संवहनी प्रवेश' असं लिहिलंय, आणि घरात सगळे 'शिरेतून फुगा काढला' म्हणतात. बरोबर काय?

'संवहनी प्रवेश' म्हणजे रक्तवाहिनीतून आत शिरणं, पण ते वाचून घरच्यांना काहीच उमगत नाही. 'कुशीची वाट' म्हटलं की टाके कुठे असणार तेही कळतं. 'आडवाट' मात्र म्हणू नका, त्यात वाट चुकल्याचा वास येतो.

पोटातल्या महाधमनीला आतून अस्तर घालण्याचा हा उपचार ब्यूनस आयर्सच्या हुआन पारोदींनी १९९० साली केला, तोही जांघेतूनच. आजही पहिली पसंती तीच. पण अस्तर आत नेणाऱ्या उपकरणाची नळी जाड असते. १८ फ्रेंच मापाची नळी म्हणजे ६ मिलिमीटर. वाटेतली धमनी अरुंद, नागमोडी किंवा कॅल्शियम साचून कडक झालेली असली, तर जबरदस्तीने ती फाटू शकते. मग कुशीवर छेद घेऊन वरच्या रुंद धमनीला कापडी नळी शिवतात आणि उपकरण तिच्यातून सरकवतात. गाडीरस्ता घरापर्यंत पोचत नाही तिथे आपण पाखाडी बांधतो, तसंच हे. कधी काखेतून (आपल्याकडे अनेक घरांत 'खाक') किंवा दंडातून जातात. गळ्यातून क्वचितच, कारण ती धमनी मेंदूला रक्त पुरवते.

आपण बोलताना सगळ्याच रक्तवाहिन्यांना 'शीर' म्हणतो. इथे 'धमनी'च म्हणावं, कारण खरोखर शिरेतून जाणारी वाटही आहे: जांघेतल्या शिरेतून पोटातल्या महाशिरेत चढायचं आणि तिथून भिंत भेदून शेजारच्या महाधमनीत शिरायचं. ती फार थोड्यांच्या वाट्याला येते, पण दोन्हींना एकच शब्द वापरला तर ती समजावताच येणार नाही.

मला सर्वांत खटकतं ते 'काढला'. फुगवटा काढत नाहीत, तो जागच्या जागीच राहतो. त्याला आतून अस्तर लागतं आणि रक्त त्या अस्तरातून वाहतं. कडेने पुन्हा रक्त झिरपू शकतं, म्हणून स्कॅन जन्मभर करत राहावे लागतात. 'काढला' म्हटलं की घरचे निर्धास्त होतात आणि तपासणी राहून जाते.

तेव्हा ताई, 'कुशीच्या वाटेने महाधमनीला आतून अस्तर घातलं' असं म्हणा, आणि काकांच्या पुढच्या स्कॅनची तारीख डॉक्टरांना विचारून ठेवा.