वाचकांचे प्रश्न : मनाची गोळी आणि बाकीच्या गोळ्या

प्रश्न : माझी आई ६६ वर्षांची असून आमच्यासोबत नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहते. रक्तदाबासाठी ती बरीच वर्षे मेटोप्रोलॉल घेते. वडील गेल्यानंतर तिला नैराश्य आले, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी पॅरोक्सेटिन सुरू केले आणि तिची झोप-भूक सुधारली. मात्र गेल्या काही आठवड्यांपासून उठताना चक्कर येते, अंग गळून जाते आणि रक्तदाबाच्या यंत्रावर नाडी ५२-५४ दिसते. शेजारी म्हणतात, ‘डोक्याच्या गोळ्या आधी बंद करा.’ काय करावे?

उत्तर : शेजाऱ्यांचा संशय अगदीच निराधार नाही, पण त्यांचा सल्ला मुळीच मानू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणे बहुधा पॅरोक्सेटिनची नसून हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या मेटोप्रोलॉलची आहेत, आणि इतकी वर्षे निमूटपणे सोसलेली गोळी आताच का बाधू लागली, याचे उत्तर यकृतात सापडते.

पोटात घेतलेल्या बहुतेक औषधांचे रासायनिक रूप यकृत बदलते आणि मगच ती शरीराबाहेर पडतात. हे काम मुख्यत्वे सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, करतात. त्यांतल्या २डी६ या विकराकडे मेटोप्रोलॉल मोडण्याचे काम असते. पॅरोक्सेटिनही मोडण्यासाठी तिथेच जाते, पण जाताना त्या विकराला जखडून निकामी करते. त्यामुळे मेटोप्रोलॉल रक्तात साचत जाते आणि गोळी पूर्वीचीच, वेळ पूर्वीचीच असूनही त्याचे रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकते. डोस कोणीही न वाढवता आईचा डोस वाढला आहे, असे म्हणा. काही लोकांत हे विकर जन्मतःच काम करत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांचे प्रमाण ५ ते १० टक्के आहे, आपल्याकडे त्याहून कमी. पॅरोक्सेटिन किंवा त्याच गटातले फ्लुओक्सेटिन घेणारा माणूस ते औषध चालू असेपर्यंत जवळजवळ त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसतो.

उद्या सकाळी गोळ्या देण्यापूर्वी आईला पाच मिनिटे शांत बसवा, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा, मग बसलेल्या स्थितीत आणि उभे राहिल्यावर एक मिनिटाने असा दोनदा रक्तदाब घेऊन कागदावर टिपून ठेवा. नाडी ५० च्या खाली गेली, आई भोवळ येऊन पडली, छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. तसे नसेल तरी दोन-तीन दिवसांत दोन्ही डॉक्टरांना भेटा आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून सोबत न्या. आपल्याकडे हृदयाचा कागद एका फायलीत, मनाचा दुसऱ्या फायलीत, आणि गुडघेदुखीची गोळी तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून परस्पर आणलेली असते. तिची नोंद कुठेच नसते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके पॅरोक्सेटिनच्या गटातील औषधांसोबत घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून तीही पिशवीत हवीत.

डॉक्टरांना मेटोप्रोलॉलची मात्रा कमी करता येईल, किंवा मूत्रपिंडाचे काम तपासून अ‍ॅटेनोलॉल देता येईल, कारण ते यकृतात फारसे न मोडता लघवीवाटे निघून जाते. पॅरोक्सेटिनऐवजी २डी६ वर नेहमीच्या मात्रेत सौम्य परिणाम करणारे सर्ट्रालिन हाही पर्याय आहे. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, विसराळूपणा यांमुळे वयस्कर व्यक्तीसाठी पॅरोक्सेटिन ही माझी पहिली पसंती नसते. पण आईला ते लागू पडले आहे, त्यामुळे मी आधी रक्तदाबाच्या गोळीत बदल करून पाहीन. पॅरोक्सेटिन एकदम तोडले तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होतो, आणि मेटोप्रोलॉल एकदम तोडले तर रक्तदाब उसळी घेतो. म्हणून दोहोंपैकी काहीही स्वतःहून थांबवू नका.

पुढे कधी पॅरोक्सेटिन हळूहळू बंद होईल, तेव्हा ते विकर पुन्हा कामाला लागेल आणि कमी केलेले मेटोप्रोलॉल अपुरे पडू लागेल. त्या आठवड्यांत रक्तदाब पुन्हा मोजायला हवा, आणि नेमके हेच घरोघरी विसरले जाते. फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत तर शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम कित्येक आठवडे टिकतो.

काही औषधांच्या बाबतीत हेच उलटे घडते. टॅमॉक्सिफेनचे एंडॉक्सिफेन आणि कोडीन या वेदनाशामकाचे मॉर्फिन, ही त्यांची गुणकारी रूपे, २डी६ मुळेच तयार होतात. विकर जखडले गेले की ही औषधे घेऊनही त्यांचा पुरेसा गुण येत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पॅरोक्सेटिन देणे म्हणूनच टाळतात. ट्रामाडॉलसोबत तर दुहेरी अडचण होते : वेदना नीट शमत नाही, आणि शरीरातील सेरोटोनिन वाढून थरथर, घाम, ताप, झटके येण्याचा धोका असतो.

प्रश्न : मी सातपूरला कारखान्यात रात्रपाळी करतो. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, फ्लूव्होक्सामिन सुरू झाल्यापासून छातीत धडधडते आणि दिवसा झोप लागत नाही. पाळीत पाच-सहा चहा होतात. विडीही ओढतो.

उत्तर : आधी चहा कमी करा. कॅफीन १ए२ या विकरामुळे मोडते आणि फ्लूव्होक्सामिन नेमके त्यालाच जोरात रोखते. एरवी शरीरातील निम्मे कॅफीन सुमारे पाच तासांत संपते. या गोळीसोबत त्याला एक दिवसाहूनही अधिक लागू शकतो, त्यामुळे कालचा चहा आजच्या चहात मिसळतो. पाळीच्या सुरुवातीला एक चहा घ्या, नंतर नाही. तरीही धडधड थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. विडीचा धूर उलट १ए२ चा वेग वाढवतो. हे काम धुरातील डांबरी घटकांचे आहे, निकोटिनचे नव्हे, म्हणून तंबाखू मळून खाल्ल्याने तसे होत नाही. विडी सोडणार असाल तर अवश्य सोडा, पण डॉक्टरांना आधी कळवा. रक्तातील औषध वाढून मात्रा बदलावी लागू शकते.

प्रश्न : निफाडला आमची द्राक्षबाग आहे. सर्ट्रालिन घेताना द्राक्षे खाऊ नयेत, असे एकाने सांगितले. खरे का?

उत्तर : खुशाल खा. टाळायचे आहे ते ग्रेपफ्रूट, आणि ते पपनसाच्या जवळचे लिंबूवर्गीय फळ आहे. त्याचा रस आतड्यातील ३ए४ हे विकर रोखतो, त्यामुळे रक्तातील औषध वाढू शकते. वाइनचा प्रश्न वेगळा : मद्य आणि ही औषधे मिळून गुंगी वाढते, म्हणून वाइन टाळावी.