मेल आणि चॅट दप्तरी लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा संशोधनगट चार देशांत विखुरलेला आहे. प्रकल्प संपत आलाय. प्रत्येकाने आपले महत्त्वाचे मेल एका सामाईक खात्यावर फॉरवर्ड करावेत असे ठरले आहे. एवढे पुरेल का?

उत्तर : नाही. फॉरवर्ड केलेला मेल हा नवाच मेल असतो. त्याची तारीख, पाठवणारा, मेसेज-आयडी (प्रत्येक मेलला मिळणारी स्वतंत्र ओळखखूण) सगळे बदलते आणि मूळ हेडर, म्हणजे मेलच्या माथ्यावरची तांत्रिक माहिती, मागेच राहतो. कोणते पत्र कोणाला उत्तर होते, हे त्या हेडरमधल्या ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ या ओळींवरून कळते. १९९९ साली सुरू झालेल्या इंटरपारेस या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने डिजिटल दस्तऐवजाच्या अस्सलपणाचा विचार ओळख (कोणी, कोणाला, केव्हा पाठवले) आणि अखंडता (त्यात बदल झालेला नाही ना) या दोन अंगांनी केला. फॉरवर्ड करताना आधी ओळखच पुसली जाते.

त्याऐवजी ज्याने त्याने आपल्या खात्यातून एमबॉक्स किंवा ईएमएल स्वरूपात एक्सपोर्ट काढावा. एमबॉक्समध्ये अख्खा फोल्डर एका फाईलीत येतो, ईएमएलमध्ये एका मेलची एक फाईल. एमबॉक्सची एक खोड आहे. ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे मोकळी जागा, अशी ओळ आली की तिथे नवा मेल सुरू झाला असे तो धरतो. मजकुरातलीच एखादी ओळ तशी सुरू झाली आणि प्रोग्रामने तिच्याआधी खूण घातली नाही, तर एका मेलचे दोन होतात. म्हणून ती फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून मेलची संख्या मूळ फोल्डरशी ताडून पाहा. जागेचा अंदाजही सढळ धरा : जोडफाईल मेलमधून पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर करणाऱ्या बेस-६४ पद्धतीमुळे ३० एमबीची जोडफाईल सुमारे ४० एमबी होते.

मग प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ हॅश (फाईलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा ठसा) काढून त्याची यादी सोबत ठेवा आणि फाईली पोहोचल्यावर तो पुन्हा काढून जुळवा. फाईली आणि त्यांच्या हॅशची यादी एकत्र बांधणारी बॅगइट ही पॅकेजची पद्धत नेमकी याचसाठी आहे.

चौघांच्या खात्यांत तोच मेल चारदा सापडेल. मेसेज-आयडीवरून दुबार प्रती ओळखता येतात, पण पाठवणाऱ्याची प्रत काढू नका; बीसीसीमधली, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्राप्तकर्त्यांची, नावे सहसा तिच्यातच असतात. छाटणी कामाच्या प्रतीत करा, मूळ एक्सपोर्टला हात लावू नका.

या सगळ्याआधी क्लाउडच्या लिंका शोधा. मोठ्या फाईली लिंक म्हणून पाठवलेल्या असतात, एक्सपोर्टमध्ये नुसती लिंक येते आणि संस्थेने खाते बंद केले की ती मरते. शिवाय लिंकवर आज दिसणारी आवृत्ती पाठवलेल्या दिवसाचीच असेल असे नाही. उतरवून घेतल्याची तारीख टिपून ठेवा.

प्रश्न : आमचे बरेच निर्णय चॅटवर होतात. स्क्रीनशॉट चालतील?

उत्तर : नाइलाज असेल तरच. त्यात मजकूर शोधता येत नाही आणि वेळ दिसते ती स्क्रीनशॉट काढणाऱ्याच्या घड्याळाची. स्लॅकसारख्या साधनातून जेसन फाईली (संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक मांडणीतला मजकूर) मिळतात. त्यांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते. ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ‘२०२४-०४-०३’ अशा क्रमाने लिहा, कारण ‘०३/०४’ म्हणजे कोणाला ३ एप्रिल, तर कोणाला ४ मार्च. संदेशात माणसाच्या नावाऐवजी सांकेतिक आयडी असतो, म्हणून सदस्यांची फाईल जोडीने ठेवावीच लागते. साध्या एक्सपोर्टमध्ये खासगी चॅनेल आणि वैयक्तिक संदेश नसतात, हेही आधीच तपासा. आणि हो, ‘अंगठा’ दाखवून संमती दिली असेल तर तो अंगठा हाच पुरावा. जेसनमध्ये तो असतो, छापील प्रतीत बहुधा गळतो.

प्रश्न : युरोपातले सहकारी म्हणतात, वैयक्तिक माहिती पुसावी लागेल. मग दप्तर कसले उरणार?

उत्तर : २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये पुसण्याचा हक्क आहे. त्याच कलमात सार्वजनिक हिताचे अभिलेखन आणि वैज्ञानिक संशोधन यांना अपवाद आहे, पण कलम ८९ मधली सुरक्षेची बंधने पाळूनच. त्याचा अर्थ ‘सगळे ठेवा’ असा नव्हे. रजेचे अर्ज, तब्येतीच्या चौकशा आधीच वेगळ्या काढा. काय, किती वर्षे आणि कोणत्या संस्थेकडे राहणार, हे भागीदारी करारातच लिहून घ्या.