बँकेतली ग्राहक सेवा: पैसा कुठे अडकला ते शोधता आलं पाहिजे

भाऊ, तू चोपड्याचा, बी.कॉम. झालेला. पुण्याच्या एका कंपनीत क्रेडिट कार्डाच्या हेल्पलाइनवर काम मिळतंय, आणि घरचे म्हणतात की फोन उचलायच्या नोकरीत काही पुढे जाता येत नाही, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. तुला विचारायचंय की ग्राहक सेवेत करिअर होतं का. मी काउंटरवरून सुरुवात केली, धुळे-जळगावकडच्या शाखांत काम केलं आणि आता तक्रार निवारण बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करिअर होतं, पण समोरच्याचा पैसा कुठे आणि का अडकला हे तुला स्वतःला शोधता आलं तरच. "झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व" एवढंच म्हणणारा माणूस वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर राहतो, आणि ते वाक्य आता बॉटही म्हणतो.

उदाहरण आपल्याकडचंच घे. 2024 मध्ये लाडकी बहीण सुरू झाली आणि शाखेबाहेर बायकांच्या रांगा लागल्या. एकच प्रश्न, अहिराणीत: "मना पैसा काबर नई उनात?" म्हणजे माझे पैसे का नाही आले? अर्ज मंजूर, पासबुक कोरं. नवा मुलगा खातं उघडून बघतो, पैसे दिसत नाहीत, "आले नाहीत ताई, तालुक्याला चौकशी करा" म्हणून मोकळा होतो. काम कळणारा माणूस विचारतो, "मावशी, आधार आणखी कुठल्या बँकेत दिलं होतं का?" आधारवरून येणारं अनुदान खाते क्रमांक बघत नाही. एनपीसीआय, म्हणजे देशातल्या पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था, तिच्या नोंदीत त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल तिकडे ते जातं, आणि तिथे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. आपल्या खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि त्या नोंदीत आपली बँक असणं वेगळं. कधीतरी कोणी गावात टॅब घेऊन आला, अंगठा घेतला, दुसऱ्याच बँकेत खातं उघडून गेला. पैसे तिकडे जमा होत राहतात आणि बाईला पत्ताच नसतो. पीएम किसानच्या हप्त्यांचंही पुष्कळदा हेच निघतं.

हे शोधायला दहा मिनिटं लागतात. पण ती बाई तालुक्याच्या दोन फेऱ्यांतून आणि एका बुडालेल्या मजुरीतून वाचते. माझ्या लेखी ग्राहक सेवा म्हणजे हे.

म्हणून नियम पाठ हवेत, आणि तेही तारखेसकट. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम कापली गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेनं द्यायची, आणि तीही ग्राहकानं मागायची वाट न बघता. यूपीआयनं पाठवलेले पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर मुदत एकच दिवस. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक सप्टेंबर 2019 चं आहे. काउंटरवरच्या किती लोकांना ते ठाऊक असतं ते तू कुठल्याही शाखेत जाऊन विचारून बघ.

फसवणुकीचा फोन त्याहून अवघड. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, गळती तिसरीकडेच झाली, आणि ग्राहकानं बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एका रुपयाचाही भार नाही. ओटीपी त्यानंच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तो फोन तुझ्याकडे आला की एकेक मिनिटाला किंमत आहे. आधी कार्ड आणि खातं बंद कर, तक्रार क्रमांक दे, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांग. "ओटीपी दिलाच कशाला?" हा प्रश्न विचारूच नको. कापसाचे पैसे गेलेला माणूस आधीच अर्धा मेलेला असतो, आणि तो चिडून फोन ठेवतो तेवढ्या वेळात उरलेली रक्कमही निघून जाते.

मयत खातेदाराचा दावा हे मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. नवरा गेलेली बाई पासबुक घेऊन येते, सोबत दीर किंवा भाऊ असतो, आणि बोलतो तोच. नामनिर्देशन कोणाचं आहे ते आधी बघायचं आणि बोलायचं त्या बाईशी. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीनं, त्यानं मालकी ठरत नाही, हे घरच्यांसमोर शांतपणे सांगता आलं पाहिजे. आणि पासबुकात 436 किंवा 20 रुपयांची वर्षाची कपात दिसते का ते न विसरता बघायचं. 436 म्हणजे जीवन ज्योती विमा, 20 म्हणजे सुरक्षा विमा, अपघातासाठीचा. दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण आहे. त्या घराला बहुतेक वेळा ते माहीतच नसतं. ती ओळ बघून तूच दाव्याचा फॉर्म पुढे केलास तर त्या घराचं वर्ष निघतं.

आता घरच्यांच्या म्हणण्याबद्दल. ते सांगतात ती नोकरीही ग्राहक सेवेचीच आहे. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क पदाचं नाव आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट आहे. स्टेट बँकेत ज्युनिअर असोसिएट, कस्टमर सपोर्ट अँड सेल्स. खुल्या गटाला वय 20 ते 28, राखीव गटांना सवलत. परीक्षा मराठीतून देता येते, स्थानिक भाषा यावीच लागते. तेव्हा पुण्याला गेलास तरी तो दरवाजा लगेच बंद होत नाही. पण रात्रपाळी करून अभ्यास होतो असं मी म्हणणार नाही. फार थोड्यांना जमतं.

भाषेचं तर आपल्याकडे मोठं बळ आहे. अहिराणीत दोन वाक्यं बोललास की म्हातारा माणूस खरी अडचण सांगतो. प्रमाण मराठीत तो नुसता "हो साहेब" म्हणतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली समजणारा कर्मचारी असेल तर शाखेचं वातावरणच बदलतं. बायोडाटात भाषांमध्ये अहिराणी लिही, संकोच करू नको.

एक धोका ओळखून ठेव. जाहिरातीत "ग्राहक सेवा" लिहितात आणि काम निघतं विक्रीचं किंवा वसुलीचं. मुलाखतीत सरळ विचार, "माझं काम महिन्याला कशावर मोजणार?" सुटलेल्या तक्रारी आणि कॉलचा दर्जा असं उत्तर आलं तर सेवा. खाती, कार्डं, पॉलिसी म्हटलं तर विक्री. थकीत हप्ते म्हटलं तर वसुली. विक्रीत वाईट काही नाही, पण एफडी करायला आलेल्या निवृत्त गुरुजींच्या हातात पॉलिसी ठेवायला सांगितलं तर तिथून निघ. आणि असे गुरुजी तुझ्याकडे तक्रार घेऊन आले तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते हे त्यांना सांग. वसुलीत गेलास तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करायला मनाई आहे, वरिष्ठ काहीही म्हणोत. नोकरी लावायचे पैसे किंवा "डिपॉझिट" कोणी मागितलं तर ती नोकरीच खोटी समज.

गावातल्या पतसंस्थेत जागा मिळाली तरी काम शिकायला मिळतं. मात्र बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकून लोकांची लग्नं आणि दवाखाने खोळंबलेले आपण पाहिलेत. ठेवीदारानं विचारलं तर हे त्याला खरं सांगायची तुझी तयारी हवी.

तर पुणं घे का? कंपनीला विचारून बघ: वर्षभरात फसवणूक किंवा वादग्रस्त व्यवहारांच्या टीममध्ये जाता येतं का? हो म्हणाले तर जा. त्या टीममधून पुढे तक्रार निवारण, लेखापरीक्षण, अनुपालन (नियम पाळले जातात का ते बघणारा) या विभागांत माणसं जातात, कारण कुठली गोष्ट कुठे बिघडते हे त्यांना माहीत असतं. नाही म्हणाले तर चोपडा, शिरपूर, अमळनेरकडे एखाद्या स्मॉल फायनान्स बँकेच्या शाखेत काउंटर बघ. पगार थोडा कमी असेल, पण पुण्याच्या खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च वाचतो, आणि ठेव, कर्ज, विमा, अनुदान सगळं एकाच टेबलावर शिकायला मिळतं. बँकेच्या स्वतःच्या पगारपत्रकावर लागलास तर जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा लगेच दे, ती बँक कर्मचाऱ्यांनाच देता येते.

ऑफर लेटर हातात आलं की आधी बघ, नेमणूक बँकेची आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची, आणि नोकरी सोडायची नोटीस किती दिवसांची. त्या दोन ओळी इथे टाक, बघून सांगतो.