पुण्यातल्या फ्लॅटसाठी सॉलिड लाकूड की इंजिनिअर्ड?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन बेडरूमना अखंड सागवानी फ्लोअरिंग करावं की इंजिनिअर्ड, असं तुम्ही विचारलंय. मी इंजिनिअर्डच करा म्हणेन.

कारण आपली हवा. एप्रिलच्या दुपारी ओठ फुटावेत इतकी कोरडी, आणि जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट. लाकूड त्याप्रमाणे रुंदीत आकसतं, फुगतं. पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ती यामुळेच. साधारण १८ मिलिमीटरच्या अखंड फळीत हे पुरेपूर जाणवतं: उन्हाळ्यात फटी, पावसाळ्यात कडा वर. इंजिनिअर्ड फळीचा वरचा थर खऱ्या लाकडाचाच असतो, पण खाली प्लायसारखे एकमेकांना आडवे चिकटवलेले थर असल्याने ती बरीच स्थिर राहते. शिवाय जुन्या टाइल्स सपाट नि घट्ट असतील तर फोडाव्या लागत नाहीत, फोम अंथरून वरच बसवता येते. सॉलिडला खिळे धरायला आधी प्लाय ठोकावा लागतो, म्हणजे उंची आणखी वाढली.

दुकानात एक गोष्ट हट्टाने विचारा: वरचा थर किती जाड? ३-४ मिलिमीटर असेल तर पुढे एक-दोनदा घासून पॉलिश होतं. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला मशीन लावताच येत नाही, आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात!

भिंतीलगत सुमारे १० मिलिमीटर फट ठेवायला सांगा, स्कर्टिंगखाली झाकली जाते. फरशी पुसताना फडकं घट्ट पिळून घ्या. तळमजल्यावर ओल येत असेल तर मात्र दोन्ही नकोत, टाइल्सच ठेवा.