आजीच्या घरातलं जुनं सामान संग्रहालयं घेतात का?

गावचं घर रिकामं करताना माळ्यावर पायली, शेराचं माप, अडकित्ता, समया निघाल्या, त्यात राजेरजवाड्यांचं काहीच नाही, मग संग्रहालय हे घेईल का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ शकतं. तोवर मोडीत घालू नका, ही कळकळीची विनंती.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. मी दर वेळी रेंगाळतो ते अडकित्ते आणि वज्र्यांपाशी. सुपारी कातरायला पोपटाच्या आकाराचा अडकित्ता, टाच घासायच्या वज्रीवर मोर! रोजच्या कामाच्या वस्तूवर कुणी इतका जीव लावला, हे बघून दर वेळी भरून येतं.

तुमच्या सामानातली मापं मला सगळ्यात मोलाची वाटतात. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि हा सगळा हिशेब हळूहळू घरातून गेला. धान्य मोजून मोजून झिजलेली कड हाच त्याचा पुरावा.

म्हणून चिंच, राख, पावडर काही लावू नका. आमच्या घरी पाहुणे येणार म्हणून पणजीचं घंगाळ घासून लखलखीत केलं, पुसट झालेलं नाव त्यात पार गेलं. भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती, कधी सालही असे. ते गेलं की भांडं कुणाचं, कधीचं, सांगायला काही उरत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, बास.

संग्रहालयाला पत्र पाठवताना फोटोंसोबत वस्तू कुणी वापरली, कुठल्या गावात, कशासाठी, तिला घरात काय म्हणत, हे लिहा. तसलीच वस्तू त्यांच्याकडे आधीच असेल तर नकार येईल, पण अशा माहितीमुळे एरवी साधी वाटणारी पायलीही स्वीकारली जाऊ शकते. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांच्या हातात ते माप द्या आणि धान्य कसं मोजायचे ते विचारा. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, असलं काही निघेल. तेही त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.