मालदीवला कागद पाठवायचाय? चॅप्टर ४८ च्या टोटलवर जाऊ नका

तुमचा प्रश्न असा की मालदीवच्या आयातीत एचएस कोडचं (जगभर कस्टम्स मालाला देतात त्या आकडी वर्गवारीचं) चॅप्टर ४८, म्हणजे कागद-पुठ्ठा, एवढासाच दिसतो, वर आपला एक्स्पोर्टचा आकडा त्यांच्या इम्पोर्टशी जुळत नाही, मग वह्या, पेपर कप आणि कोरुगेटेड बॉक्स (नालीदार पुठ्ठ्याची खोकी) यातलं पाठवावं काय. या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडे जुळणारच नाहीत, ते सोडून द्या. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, आपण एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) धरतो आणि ते सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा त्यांच्या आकड्यात चढलेला असतो, शिवाय कोलंबो किंवा दुबईच्या ट्रेडरने आपला माल घेऊन पुढे विकला तर आपल्या कागदोपत्री तो श्रीलंकेला किंवा दुबईला गेला आणि मालदीवची राजधानी माले, तिथल्या कस्टम्समध्ये ओरिजिन, म्हणजे मूळ देश, मात्र भारत. जुनी सिरीज बघत असाल तर अजून एक, डायपर आणि सॅनिटरी पॅड २०१२ च्या एचएस बदलात चॅप्टर ४८ च्या ४८१८ कोडमधून निघून चॅप्टर ९६ च्या ९६१९ मध्ये गेले, त्यामुळे तिथे आकडा पडलेला दिसला तर खप कमी झाला असं समजू नका.

आता खरी गोष्ट. मालाबरोबर आलेलं नेहमीचं पॅकिंग त्या मालाच्याच कोडमध्ये जातं. बिस्किटांचं खोकं बिस्किटांत, साबणाचं साबणात. मालदीवमध्ये कागदाची गिरणी नाही, इतर कारखानेही मोजकेच, जवळपास सगळं बाहेरून येतं आणि खोक्यातच येतं. म्हणजे बेटावर पुठ्ठा ढीगभर असतो पण ४८ मध्ये त्याचा पत्ता नसतो. रिकामा बॉक्स विकत कोण घेणार? जो तिथे काहीतरी भरून पाठवतो तो, म्हणजे मुख्यतः ट्यूनावाले. त्यांच्याशी ओळख नसेल तर कोरुगेटेडच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

खप मोजताना नुसती लोकसंख्या धरू नका. लोक पाच लाखांच्या थोडे वर, पण २०२४ मध्ये टुरिस्टच २० लाखांच्या पुढे गेले. टिश्यू, नॅपकिन, टॉयलेट रोल, कप यांची खरी मागणी रिसॉर्टांची आहे. त्यात २०२१ पासून स्ट्रॉ, प्लेट, चमचे अशा बऱ्याच सिंगल यूज प्लास्टिकची आयात बंद झाली, त्यामुळे कागदी वस्तूंना जागा मिळाली. पण कपला आतून पॉलिथिनचं कोटिंग असतं हे विसरू नका, तुमचा नेमका कप चालतो का ते खरेदीदाराकडून मालदीव कस्टम्सला विचारून लेखी घ्या, माल बंदरात पोचल्यावर शोधाशोध नको.

भाड्याचा हिशोब तर सगळ्यात महत्त्वाचा. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा. ए-फोरच्या ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) रीमचं, म्हणजे ५०० कागदांच्या गठ्ठ्याचं, वजन २.२ किलोच्या आसपास, ते भरले की वजनाची लिमिट आधी लागते आणि किलोमागे भाडं कमी बसतं. टॉयलेट रोल भरले की जागा संपते आणि वजन कुठेच नसतं, तुम्ही हवेचं भाडं भरता. त्यात मालदीवहून बाहेर जाणारा माल मुख्यतः मासळी, त्यामुळे येताना कंटेनर बरेचसे रिकामेच परततात आणि तो खर्चही जाण्याच्या भाड्यात येतो. वह्या रीमसारख्या जड आणि कप हलके, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर खाली वह्या आणि वर कप असा मिक्स लोड केला असता. एकात एक बसणारे कप घ्या, झाकणांची जागा वेगळी मोजा.

न्हावाशेवाहून बहुतेक वेळा कोलंबोला जहाज बदलतं, मग माले, आणि तिथून पुढे रिसॉर्टच्या बेटावर बोटीने. म्हणजे माल किती वेळा उचलला-ठेवला जाणार बघा, आणि तोही दमट समुद्री हवेत. पावसाळ्यात पापड सादळतो तसा पुठ्ठा सादळतो, ९० टक्के आर्द्रतेत बॉक्सची थप्पी पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. बाहेरचा कार्टन पाच प्लायचा (पाच थरांचा) घ्या, आत पॉलिथिन लायनर, कंटेनरमध्ये डेसिकंट (ओल शोषणाऱ्या पिशव्या) टांगा, पॅलेट लाकडी असेल तर हीट ट्रीटमेंटचा (कीड मारायला लाकूड तापवल्याचा) शिक्का असलेलाच. यात पैसे वाचवू नका, खालच्या थराची खोकी बसली की खरेदीदार पुन्हा फोन उचलत नाही.

वह्यांबद्दल एकच, मालदीवची दिवेही भाषा थाना लिपीत लिहितात आणि ती उजवीकडून डावीकडे, तेव्हा त्या विषयाच्या वह्यांची मार्जिन आणि कव्हर कुठल्या बाजूला हवं ते सॅम्पल पाठवून पक्कं करा, आपली नेहमीची वही तशीच छापू नका.

पेमेंट उधारीवर अजिबात नको. तिथलं चलन रुफिया डॉलरला बांधलेलं आहे पण तिथल्या व्यापाऱ्याला बँकेतून डॉलर मिळायला वेळ लागतो, खरेदीदार चांगला असूनही पैसे अडकतात. पहिल्या ऑर्डरला काही अ‍ॅडव्हान्स आणि बाकीची कन्फर्म्ड एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी, तिला दुसऱ्या बँकेचीही हमी जोडलेली).

कपचा साइज, कोटिंग आणि एका कार्टनमध्ये किती नग बसतात ते इथे टाका, लोडिंगचा हिशोब करून देतो.